ट्रान्सफॉर्मरचे तेल फिल्टर करण्याआधी त्याचा नमुना घ्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्च उलटला की सोलापूर शहरातून आणि तालुक्यांतून ट्रान्सफॉर्मर बंद पडल्याच्या बातम्या वरचेवर येऊ लागतात. कधी उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर बिघडल्याने अर्ध्या गावाचा पुरवठा जातो, कधी पंपगृहाची वीज गेल्याने शहरातील ठरल्या पाळीचे पाणी पुढे ढकलले जाते, तर कधी एखाद्या कारखान्याचे उत्पादन ठप्प होते. बातमीत कारण म्हणून ‘तांत्रिक बिघाड’ एवढाच उल्लेख असतो आणि वाचकाचा समज असा होतो, की हे संकट अचानक कोसळले, त्याची चाहूल लागणे कोणाच्याच हातात नव्हते. पुष्कळ वेळा हे खरे नसते. तेलाने भरलेल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधील बरेच दोष प्रत्यक्ष फुटण्याआधी कित्येक आठवडे, काही तर कित्येक महिने आत मुरत असतात आणि त्या सगळ्या काळात त्यांच्यामुळे तयार झालेले वायू तेलात विरघळून राहिलेले असतात. या वायूंचे प्रमाण मोजून आतल्या दोषाचे निदान करण्याची पद्धत जगभर अनेक दशके वापरात आहे. आमच्या क्षेत्रात तिला ‘डीजीए’ (डिझॉल्व्हड गॅस अॅनालिसिस) म्हणतात.

मी जिल्ह्यातील साखर कारखानदारीत आणि नंतर एमआयडीसीतील कापड उद्योगात विद्युत पर्यवेक्षक म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. या पत्राद्वारे मला एकच गोष्ट मांडायची आहे. उपकेंद्रे, पंपगृहे आणि कारखाने येथील मोठ्या ट्रान्सफॉर्मरची ही चाचणी नियमाने व्हावी, आणि तेलाला फिल्टर मशीन लावण्यापूर्वी चाचणीसाठी नमुना काढल्याशिवाय ते काम सुरूच होऊ नये. या मागणीचा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षाही अधिक निकडीचा वाटतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज होणार नाही. शेतातल्या किंवा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या २५, ६३ किंवा १०० केव्हीएच्या प्रत्येक डीपीची अशी चाचणी करावी, असे माझे म्हणणे नाही. ते परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. डीपी जळतात त्या बहुधा वाढीव भाराने, तिन्ही फेजवर भार समान न वाटल्याने, फ्यूजच्या जागी जाड तार घातल्याने, अर्थिंग तुटल्याने आणि तेल चोरीला गेल्यामुळे पातळी खाली गेल्याने. ही कारणे डोळ्यांना दिसतात. त्यांना प्रयोगशाळा नको, फिरतीवरचा जागरूक माणूस हवा. माझा रोख आहे तो ३३/११ केव्ही उपकेंद्रांतील ५ किंवा १० एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर, साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांत जनित्राच्या विजेचा दाब चढवून ती ग्रिडला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, उच्चदाब ग्राहक असलेल्या गिरण्या व कारखान्यांवर आणि पाणीपुरवठा योजनांच्या पंपगृहांवर. यांतला एक ट्रान्सफॉर्मर गेला तर पर्यायी यंत्र मिळेपर्यंत हजारो लोकांचे हाल होतात.

ट्रान्सफॉर्मरमधील तेल हे खनिज तेल असते, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या. ते वाइंडिंगला, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांना, थंड ठेवते आणि विद्युतरोधक म्हणूनही काम करते. आतील तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारांवर कागदाचे वेष्टन असते. एखाद्या ठिकाणी सांधा सैल झाला, कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) भलत्या मार्गाने प्रवाह फिरू लागला किंवा विद्युतरोधनात बारीक ठिणग्या पडू लागल्या, की त्या जागेपुरते तेल किंवा कागद तापतो, रेणू तुटतात आणि तुटलेल्या तुकड्यांपासून लहान वायू तयार होतात. कोणता वायू तयार होईल हे मुख्यतः त्या जागेच्या तापमानावर अवलंबून असते, आणि या चाचणीचे सारे सामर्थ्य याच एका गोष्टीत आहे. सुमारे १५० अंश सेल्सिअसपासून पुढे हायड्रोजन आणि मिथेन दिसू लागतात, साधारण २५० अंशांच्या आसपास इथेन, ३५० अंशांच्या पुढे इथिलीन, आणि अॅसिटिलीन ५०० अंशांपर्यंत जवळजवळ नसतेच, ७०० अंशांच्या वर मात्र ते लक्षणीय प्रमाणात येते. त्यामुळे अॅसिटिलीन वाढलेले दिसले की आत ठिणगी किंवा आर्किंग होत असल्याची शंका घ्यावी लागते. केवळ हायड्रोजन वाढून बाकीचे वायू जागच्या जागी असतील तर विद्युतरोधनातील आंशिक विसर्गाकडे, म्हणजे रोधन पूर्ण न फुटता आत होणाऱ्या बारीक विसर्गाकडे, बोट जाते. कागद तापला तर कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड वाढतात. नुसते तेल तापते आहे की कागदही होरपळतो आहे, हे त्यावरून ओळखता येते. हा फरक फार मोलाचा आहे, कारण तेल बदलता येते, पण वाइंडिंगचा कागद एकदा कडक होऊन ठिसूळ झाला की त्याला पूर्ववत करण्याचा कोणताही उपाय नाही.

आपल्याकडे सरसकट होते ती चाचणी निराळी आहे. तिला बीडीव्ही (ब्रेकडाऊन व्होल्टेज) म्हणतात. छोट्या भांड्यात तेल घेऊन २.५ मिलिमीटर अंतरावरील दोन इलेक्ट्रोडमध्ये किती केव्हीला तेल फुटते, म्हणजे त्यातून ठिणगी आरपार जाते, ते त्यात पाहतात. ही चाचणी उपयुक्त आहे, ती अवश्य व्हावी, पण तिच्यातून समजते ते तेलातील ओलावा आणि कचरा. ब्रीदरमधील (ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो त्या भांड्यातील) ओलावा शोषणारे सिलिका जेल गुलाबी पडून महिने लोटले असतील आणि तेलाने दमट हवा ओढली असेल, तर बीडीव्ही घसरतो. उलट आत एखादा संपर्क लालबुंद होत असला तरी तेल कोरडे आणि स्वच्छ असेल तर बीडीव्ही उत्तम येतो. इथिलीन किंवा अॅसिटिलीन काही पीपीएम (दशलक्ष भागांत एक भाग) वाढल्याने तेल फुटण्याचा व्होल्टेज बदलत नाही. ‘बीडीव्ही चांगला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर चांगला’ ही समजूत मी अनेक जबाबदार लोकांच्या तोंडून ऐकली आहे, आणि तिच्यामुळे आजवर बरेच नुकसान झाले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बीडीव्ही घसरला की फिल्टर मशीन लावतात. पुष्कळ ठिकाणी तर वार्षिक देखभालीचा भाग म्हणून, गरज असो वा नसो, ते लागतेच. हे यंत्र तेल साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत गरम करते, गाळणीतून नेते आणि निर्वातात त्यातील ओलावा काढून टाकते. ज्या निर्वातात ओलावा निघतो त्याच निर्वातात विरघळलेले वायूही निघून जातात. मशीन दोन-तीन दिवस चालल्यावर बीडीव्ही वाढतो, अहवाल झकास येतो, बिल मंजूर होते आणि सगळ्यांचे समाधान होते. सैल सांधा मात्र होता तसाच आत राहतो, आणि तो सैल आहे हे सांगणारी एकमेव गोष्ट आपण स्वतःच्या हातांनी नाहीशी केलेली असते. पंचनामा होण्याआधी घटनास्थळ धुऊन काढावे, तसाच हा प्रकार आहे. त्यानंतर कोणी हौसेने डीजीएसाठी नमुना पाठवला तर सर्व वायू नगण्य असल्याचे उत्तर येते, आणि ते उत्तर खोटे नसले तरी दिशाभूल करणारे असते. यात आणखी एक गुंतागुंत आहे. वाइंडिंगच्या कागदात शोषले गेलेले जुने वायू फिल्टरनंतर काही आठवड्यांत हळूहळू पुन्हा तेलात उतरतात. आधीची नोंदच नसेल तर नंतर दिसलेला वायू जुना की नवा, हे ठरवणे अनुभवी माणसालाही जड जाते.

एमआयडीसीतील एका कारखान्यातील उदाहरण सांगतो. तेथील ट्रान्सफॉर्मरचा बीडीव्ही दरवर्षी उत्तम येत असे, आवाज नेहमीसारखा होता, तेलाचे तापमानही भाराच्या मानाने ठीक दिसे. तेथे नव्याने रुजू झालेल्या एका तरुण अभियंत्याने आग्रह धरून फिल्टरपूर्वी नमुना पाठवायला लावला. अहवालात मिथेन, इथिलीन आणि अॅसिटिलीन या तिघांच्या बेरजेत एकट्या इथिलीनचा वाटा निम्म्याहून बराच जास्त होता, अॅसिटिलीन नावापुरते होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढलेले नव्हते. याचा अर्थ तेलात बुडालेला धातूचा एखादा भाग ७०० अंशांच्या वर तापत होता, परंतु कागदाला अद्याप झळ लागलेली नव्हती. पुढचा शोध त्यामुळे सोपा झाला. प्रत्येक टॅपवर (व्होल्टेज कमी-जास्त करण्यासाठी वाइंडिंगवर ठेवलेल्या जोडणीवर) तिन्ही फेजच्या वाइंडिंगचा रोध मोजला, तेव्हा ज्या टॅपवर ट्रान्सफॉर्मर वर्षानुवर्षे चालत होता त्याच टॅपवर एका फेजचा रोध वेगळा आला. आठवडी सुट्टीला जोडून घेतलेल्या शटडाऊनमध्ये तेल उतरवून टॅप स्विच उघडला. दोन फेजचे संपर्क पितळी झाक राखून होते; तिसऱ्या फेजच्या संपर्कावर कोळशासारखा कडक काळा थर बसला होता, तो नखाने निघत नव्हता, आणि खालचा धातू खड्डे पडून खडबडीत झाला होता. टॅप स्विच बदलला, मग तेल फिल्टर केले, आणि चार्ज केल्यावर, म्हणजे पुन्हा वीज जोडल्यावर, पुन्हा नमुना घेऊन ती पुढच्या तुलनेसाठी पायाभूत नोंद म्हणून ठेवली. मशीन आधी लागले असते तर तो थर वाढत राहिला असता आणि एक दिवस तो संपर्क पूर्ण भारावर सुटला असता.

याच्या उलट प्रकारही मी पाहिला आहे. दुसऱ्या एका ठिकाणी वार्षिक शटडाऊनमध्ये मशीन लावून झाले, नमुना त्यानंतर घेतला, सर्व काही सामान्य असल्याचा अहवाल फाइलला लागला आणि पावसाळा संपण्याआधीच ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग जळाले. दोष जुना होता की नव्याने उद्भवला, हे शेवटपर्यंत कोणालाही सांगता आले नाही, कारण मशीन लावण्यापूर्वीचे काहीच हाताशी नव्हते.

काही जण म्हणतील, यासाठी बुखोल्झ रिले आहेच की. जर्मन अभियंता माक्स बुखोल्झ यांनी १९२१ मध्ये शोधलेला हा रिले टाकी आणि कन्झर्व्हेटर (तिच्या वरची तेलाची छोटी टाकी) यांच्या मधल्या नळीत बसवलेला असतो. आत वायू साचला की तो आधी घंटी देतो आणि तेलाचा जोराचा लोंढा आला तर ब्रेकर उघडतो. त्याची योग्यता वादातीत आहे. परंतु तो साचलेल्या वायूवर, म्हणजे बुडबुड्यांवर काम करतो. दोष लहान असताना तयार होणारा वायू तेलातच विरघळून जातो आणि रिलेपर्यंत बुडबुडा पोहोचतच नाही. विरघळण्याच्या वेगापेक्षा वायू तयार होण्याचा वेग वाढला की मग घंटी वाजते, म्हणजे रिले बोलतो तेव्हा दोष बराच पुढे गेलेला असतो. शिवाय घंटी वाजल्यावर वायू तोटीतून सोडून द्यायचा, रिले रिसेट करायचा आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा चार्ज करायचा, ही घातक सवय काही ठिकाणी आहे. तो वायूदेखील नमुना म्हणून प्रयोगशाळेत गेला पाहिजे, आणि त्याच वेळी टाकीतील तेलाचाही.

नमुना काढण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चाचणीचे यश प्रयोगशाळेइतकेच या पाच-दहा मिनिटांच्या कामावर अवलंबून असते. नमुना पाण्याच्या बाटलीत किंवा डब्यात घ्यायचा नसतो. त्यासाठी काचेची, हवाबंद बसणाऱ्या दट्ट्याची आणि तीन वाटांच्या तोटीची सिरिंज लागते. खालच्या व्हॉल्व्हमध्ये अडकून राहिलेले तेल टाकीतल्या तेलाचे प्रतिनिधित्व करत नाही, म्हणून आधी दोन-तीन लिटर तेल बादलीत सोडून द्यावे लागते. मग रबरी नळी जोडून, नळीतली हवा तेलानेच बाहेर काढून, तोटी फिरवायची. दट्ट्या हाताने ओढायचा नाही. तेलाच्या स्वतःच्या दाबाने तो सावकाश मागे सरकला पाहिजे, कारण ओढला तर निर्माण होणाऱ्या पोकळीत विरघळलेला वायू तेलातून सुटतो. पहिली भरलेली सिरिंज रिकामी करून धुऊन घ्यायची आणि दुसऱ्यांदा भरायची. सिरिंज उजेडाकडे धरून पाहावी, आत बुडबुडा दिसला तर नमुना टाकून पुन्हा घ्यावा. हायड्रोजन तेलात सर्वांत कमी विरघळतो आणि सर्वांत आधी निसटतो, त्यामुळे ढिलाईने घेतलेल्या नमुन्यात हायड्रोजनच कमी दिसतो. भरलेली सिरिंज उन्हापासून वाचवून, काळ्या कागदात किंवा बंद पेटीत ठेवून लवकरात लवकर पाठवावी. चिठ्ठीवर तारीख, तेलाचे तापमान, त्या वेळचा भार, टॅपचा क्रमांक आणि शेवटचे फिल्टर कधी झाले, हे लिहिलेले असावे. हा शेवटचा तपशील नसेल तर अहवाल वाचणाऱ्याचे निम्मे काम अंधारात चालते. आणखी एक सूचना: टाकीत निर्वात असताना किंवा तेलाची पातळी धोक्याइतकी खाली असताना चालू ट्रान्सफॉर्मरचा नमुना काढू नये, कारण व्हॉल्व्ह उघडताच हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो.

प्रयोगशाळेत हे वायू निर्वाताने किंवा तेलावरच्या बंद जागेत उतरवून वेगळे केले जातात आणि गॅस क्रोमॅटोग्राफमधून एकेक मोजले जातात. आपल्याकडे यासाठी भारतीय मानके आहेत. नमुना आणि विश्लेषण यांसाठी आयएस ९४३४, आणि निष्कर्ष काढण्यासाठी आयएस १०५९३. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयईसी ६०५९९ हे मार्गदर्शन वापरतात. त्यात सेवेतील सुमारे ९० टक्के ट्रान्सफॉर्मर ज्या मर्यादेत आढळतात त्या मर्यादा दिल्या आहेत. उदाहरणार्थ, हायड्रोजनसाठी ५० ते १५० पीपीएम, इथिलीनसाठी ६० ते २८०, आणि ज्या ट्रान्सफॉर्मरमध्ये टॅप चेंजरचे तेल मुख्य टाकीत मिसळत नाही त्यांत अॅसिटिलीनसाठी अवघे २ ते २०. कॅनडातील हायड्रो-क्वेबेकचे मिशेल ड्युव्हाल यांनी १९७० च्या दशकात मिथेन, इथिलीन आणि अॅसिटिलीन यांच्या टक्केवारीवरून दोषाचा प्रकार दाखवणारा त्रिकोण मांडला. तो आजही जगभर वापरतात, आणि कागद-पेन्सिल घेऊन कोणीही अभियंता तो वापरू शकतो.

मात्र अहवाल आला, आकडा मर्यादेपेक्षा जास्त दिसला आणि लगेच ट्रान्सफॉर्मर उघडला, असेही होऊ नये, हे मला तितक्याच आग्रहाने सांगायचे आहे. एकट्या आकड्यापेक्षा दोन नमुन्यांमधली वाढ अधिक बोलकी असते. वर्षानुवर्षे एका जागी थांबलेले इथिलीन चिंतेचे नसते, परंतु महिन्याभरात दुप्पट झालेले थोडेसे अॅसिटिलीनही झोप उडवणारे असते. शिवाय वायू येण्याची निरुपद्रवी कारणेही असतात. ऑन-लोड टॅप चेंजरमध्ये, म्हणजे भार चालू असतानाच टॅप बदलणाऱ्या यंत्रणेत, प्रत्येक टॅप बदलताना ठिणगी पडते, आणि त्याच्या कप्प्यातले तेल गळून मुख्य टाकीत आले तर तेथे अॅसिटिलीन दिसते. तेल भरलेल्या टाकीवर वेल्डिंग केले असेल तरी ते दिसते. काही नव्या तेलांतून साध्या तापमानालाही हायड्रोजन निघतो. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमधले जुने तेल भरले असेल तर त्याचा इतिहासही सोबत येतो. म्हणून प्रत्येक ट्रान्सफॉर्मरची स्वतःची वही हवी, आणि तो एका उपकेंद्रातून दुसरीकडे हलवला किंवा दुरुस्तीला गेला तर ती वही त्याच्याबरोबर गेली पाहिजे. आज पुष्कळ ठिकाणी नेमप्लेटशिवाय ट्रान्सफॉर्मरविषयी कोणालाच काही ठाऊक नसते.

सोलापूरच्या हवामानामुळे हा विषय येथे अधिक जवळचा आहे. येथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे सहज जातो, आणि त्याच काळात पंखे, कूलर, कृषिपंप आणि पाणीयोजना यांचा भार शिगेला असतो. साध्या कागदाच्या विद्युतरोधनाचे वय वाइंडिंगचा सर्वांत तप्त भाग दर ६ अंशांनी अधिक तापला की दुप्पट वेगाने सरते, असे आंतरराष्ट्रीय मानकातील मार्गदर्शन आहे. याचा अर्थ जो सैल सांधा पुण्यात किंवा नाशिकला आणखी एक-दोन उन्हाळे निभावून नेईल, तो येथे निभावेलच असे नाही. विजेच्या नकाशावर आपला जिल्हा किरकोळ नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडशी जोडले गेले. एनटीपीसीचा ६६० मेगावॉटच्या दोन संचांचा प्रकल्पही येथेच आहे. एवढ्या मोठ्या व्होल्टेजच्या पारेषणात विरघळलेल्या वायूंची तपासणी नित्याची मानली जाते. ती शिस्त ३३ केव्हीपर्यंत खाली उतरावी, एवढीच अपेक्षा आहे. एका चाचणीला काही हजार रुपये लागतात. ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर जळाला तर नुकसान लाखांत जाते आणि बंद काळातील हानी त्याहून वेगळी.

म्हणून संबंधितांना विनंती आहे. वीज कंपनीने आणि कारखान्यांनी देखभालीच्या निविदा व कार्यादेश काढताना त्यांत एक स्पष्ट अट घालावी, की मशीन जोडण्यापूर्वी डीजीएचा नमुना घेऊन त्याची पोच सादर केल्याशिवाय फिल्टरचे देयक मंजूर होणार नाही. कंत्राटदाराला यात काही तोटा नाही, आणि कागदावरच्या या एका ओळीने जेवढे साधेल तेवढे दहा परिपत्रकांनी साधणार नाही. सोलापूर महानगरपालिकेने पाणीपुरवठ्याच्या पंपगृहांतील ट्रान्सफॉर्मरसाठी वर्षातून किमान एकदा, उन्हाळ्याचा भार येण्यापूर्वी, ही चाचणी करून घ्यावी. शहराला रोज पाणी मिळत नाही, त्यामुळे पंपिंगचा एक दिवस बुडाला की पुढच्या सगळ्या पाळ्या कोलमडतात, हे येथील प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. आमचे नमुने पुण्याला पाठवावे लागत आणि सिरिंज वाटेत किती वेळ कुठे पडून आहे, याची धास्ती असे. येथील विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी पुढाकार घेऊन उद्योगांसाठी असे विश्लेषण उपलब्ध करून दिले, तर नमुना त्याच दिवशी तपासला जाईल आणि विद्युत शाखेच्या विद्यार्थ्यांना पुस्तकातला त्रिकोण खऱ्या तेलावर वापरून पाहता येईल. त्यासाठी नमुना कसा घ्यावा, याचे प्रशिक्षण आयटीआय आणि तंत्रनिकेतनातील मुलांना द्यावे. सिरिंज हातात धरणारा माणूस बहुधा वायरमन किंवा हेल्पर असतो, अभियंता नव्हे.

साखर कारखान्यांच्या व्यवस्थापनांना वेगळे सांगायचे आहे. आपली रीत अशी, की गाळप संपले, बॉयलर थंड झाला, की मग ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीला हात घालायचा. दुरुस्तीसाठी ते योग्यच आहे, परंतु नमुना त्या वेळी घेऊ नये. महिनाभर थंड उभ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधील वायू कन्झर्व्हेटरमधून थोडे थोडे हवेत जात असतात, आणि हायड्रोजन तर आधी जातो. हंगाम संपायला दोन-तीन आठवडे राहिले असताना, जनित्र पूर्ण भारावर चालू असताना नमुना घ्यावा. अहवाल गाळप बंद होण्याच्या सुमारास हाती येईल, काय उघडायचे आणि काय नाही ते त्यावरून ठरेल, लागणारे सुटे भाग मागवायला आणि काम उरकायला पुढच्या हंगामापर्यंत पुरेसे महिने मिळतील, आणि फिल्टर मशीन सगळ्यात शेवटी लागेल.

आपला नम्र,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक,
सोलापूर